झेंडूच्या माळेखालचा नकाशा

राम घाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पिंडदानाला आलेले यजमान ताटकळत उभे होते, पंडे आपापल्या छत्र्यांखाली हात चोळत बसले होते आणि सगळी गर्दी एकाच चौरंगापुढे लोटली होती. चौरंगावर श्री तपनानंद महाराज डोळे मिटून बसले होते. लोक त्यांना ओझोनबाबा म्हणत. दोन वर्षांपूर्वी सिंहस्थ आटोपला, साधू आपापल्या वाटेने गेले. यांना मात्र उज्जैनच्या कचोऱ्या मानवल्या आणि ते राहिले.

बाबांचा माल अगदी नवा कोरा होता. भूत, करणी, गुप्तधन असलं जुनं काही त्यांनी दुकानात ठेवलंच नव्हतं. शहरात नुकतीच घरोघर केबल आली होती, परदेशी क्रीमच्या जाहिराती दिवसभर चालत आणि आभाळाला कुठेतरी भोक पडलंय ही बातमी प्रत्येकाने अर्धीमुर्धी ऐकली होती. उरलेली अर्धी बाबा सांगत.

"आसमान में छेद है!" बाबा गरजले. "उस छेद से सूरज का जहर टपक रहा है! गोरों की चमड़ी में कर्क घुस गया है! झूठ लगता है? नक्शा देख लो!"

मागच्या फळीवर दोन नकाशे टांगलेले होते, कुठल्याशा इंग्रजी मासिकातून मोठे करून घेतलेले. एक वीस वर्षांपूर्वीचा, दुसरा आत्ताचा. कातडीचा कॅन्सर जिथे जास्त तिथे रंग गडद. जुन्यात ऑस्ट्रेलिया गुलाबी होता, नव्यात लालभडक झाला होता. युरोप आणि अमेरिकाही चांगलेच तापले होते. भारत मात्र दोन्हींत पांढराशुभ्र होता. नकाशांच्या खालच्या कडेवर झेंडूची हातभर जाडीची माळ सोडलेली होती.

"बीस साल में दुनिया लाल हो गई, और भारत दूध जैसा सफेद! क्यों? कर्क रेखा किसके आँगन से जाती है? उज्जैन के! महाकाल ने कर्क को यहीं खूँटे से बाँध रखा है! और जो थोड़ी परदेसी हवा लग गई हो, तो यह सूर्यकवच लेप है!"

टाळ्या पडल्या. मग चमत्कार सुरू झाला. रांगेतल्या प्रत्येकाला एक चेला चिमूटभर ओली पिवळी 'शुद्धी' देई. ती आपापल्या डागावर, तिळावर चोळायची आणि चौरंगापुढे यायचं. बाबा डोळे मिटूनच पहिल्या लोट्यात फडकं बुडवत आणि डागावर दाबत. बघता बघता कातडी लालबुंद होई. "जहर निकला!" चेला ओरडे. मग दुसऱ्या लोट्यातल्या तीर्थाचे चार थेंब पडत आणि लाली पार नाहीशी होई. बायका हात जोडत. बँकेतले एक साहेब टाय सावरत पाया पडले आणि लेपाच्या दोन डब्या घेऊन गेले.

गर्दीच्या कडेला भय्यासाहेब पोतनीस हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायला आले आणि इथलेच झाले. भय्यासाहेबांना लालीपेक्षा त्या नकाशांनी जास्त अस्वस्थ केलं होतं. काहीतरी खुपत होतं, पण काय ते ध्यानात येईना. शिवाय ते आले होते मोठ्या बहिणीला, अक्काला, घरी न्यायला. अक्का पहिल्या रांगेत शेजारच्या मंगलाताईंना चिकटून बसली होती आणि टाळ्यांत सगळ्यांच्या पुढे होती.

"चल अक्का, ऊन चढलं."

"अरे, रुक ना जरा! बाबांचं प्रवचन अजून बाकी आहे की."

"प्रवचन कसलं, लेपाची विक्री चाललीये."

"तू तर रहने दे. तुला देवाचं काहीच पटत नाही," अक्का म्हणाली आणि उठताना कमरेवर हात दाबून एकदम थांबली. भय्यासाहेबांनी विचारलं तर तिने पायाला मुंग्या आल्याचं सांगितलं.

माधव नगरातल्या त्या घरात आता दोघंच राहत. भय्यासाहेबांची बायको गेल्यापासून अक्काच घर चालवत होती. सत्तरीची, विधवा, जिभेने तिखट आणि अंगाने काटक. गेले काही महिने मात्र ती वाकडी बसे, कुशीवर वळताना कण्हे आणि विचारलं की अंगावर येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले. भय्यासाहेब हातात लिंबाची फोड घेऊन मागच्या मोरीपाशी हात धुवायला गेले. तिथे बादलीत अक्काचा परकर साबणाच्या पाण्यात भिजत होता. नाडीच्या खालची जागा लालेलाल झाली होती.

"अक्का! हे रक्त कसलं?"

अक्का झारा हातात घेऊन धावत आली आणि बघून हसायलाच लागली. "भूगोल शिकवलास तू, घरातलं काही नाही शिकलास. हळद आहे ती. बाबांच्या लेपात असते. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलासुद्धा माहीत असतं."

"साबणाने हळद लाल होते?"

"साबणाने होते, चुन्याच्या निवळीनेही होते. आई घरी कुंकू करायची, ते काय आभाळातून पडायचं?"

"आणि घाटावरची ती शुद्धी? ती कसली असते, पिवळी?"

अक्काचं हसू जागच्या जागी थांबलं. "ते वेगळं असतं," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

भय्यासाहेबांनी हातातलं लिंबू त्या डागावर पिळलं. लाली उतरली आणि डाग पिवळाधमक झाला. पहिल्या लोट्यातली निवळी आणि दुसऱ्या लोट्यातलं लिंबाचं तीर्थ, दोन्ही त्यांना कळली. ते लहान मुलासारखे खूश झाले, परकर सरकवून शेजारच्या डागावरही लिंबू पिळलं. तो डाग पिवळा झाला नाही. त्यांनी पुन्हा पिळलं. तो तांबडाच राहिला, कडेला काळपट.

अक्काने झारा खाली ठेवला.

"ही हळद नाही, अक्का," भय्यासाहेब हळू आवाजात म्हणाले.

अक्का मोरीच्या दगडावर बसली. "नाडीच्या खाली घासलं गेलंय रे. आधी नुसतं काळं पडलं होतं. मग फुटलं. दीडेक वर्ष झालं, भरतच नाही. बाबा म्हणाले, उष्णता आहे, लेप लावत राहा."

भय्यासाहेबांनी लिंबाची फोड टाकून दिली. त्यांची पुतणी मधुरा इंदूरला कातडीची डॉक्टर होती. तासाभराचा तर रस्ता. "आजच जाऊ. बाईमाणूस आहे, आपली पोर आहे, तिच्यापुढे कसली लाज?"

"कशाला जायचं? तुला वाटतंय तो रोग आपल्याकडे होतच नाही. नकाशात आहे ना! आणि जन्मभर या घरात कोण सांगत आलं, नकाशा खोटं बोलत नाही म्हणून? तूच ना?"

जेवताना, सणाला, पाहुण्यांपुढे, ते वाक्य भय्यासाहेबांनीच शेकडो वेळा म्हटलं होतं. बाबाने शंभर प्रवचनं दिली असती तरी अक्का इतकी बधली नसती. ती बधली होती भावाच्या भूगोलाला. भय्यासाहेबांना स्वतःचा भयंकर राग आला आणि त्या रागात त्यांना एकाएकी ती खुपणारी गोष्ट सापडली.

"उद्या घाटावर माझ्याबरोबर चल," ते म्हणाले. "नकाशा बाबांच्या बाजूने निघाला तर सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडेन. नाही निघाला तर घाटावरून थेट देवास गेटचा स्टँड, आणि इंदूरची बस. कबूल?"

भावाला बाबांच्या पायाशी बघायची अक्काला फार हौस होती. तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी भय्यासाहेब रांगेत उभे राहिले ते काखेत शालीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. चेल्याने शुद्धी दिली. चौरंगापुढे आल्यावर भय्यासाहेबांनी शाल बाजूला केली. आत दुधी भोपळा होता, गोरापान, अंगावर एक काळा डाग असलेला. त्यांनी डागाला शुद्धी चोळली आणि भोपळा बाबांच्या हाताखाली धरला. चेला 'महाराज, महाराज' करेपर्यंत बाबांनी, नेहमीप्रमाणे डोळे मिटून, फडकं दाबलंही होतं.

भोपळा लालबुंद झाला.

"बच्चा," बाबा गंभीरपणे म्हणाले, "जहर बहुत पुराना है. परदेस में बहुत रहे हो क्या?"

"नहीं महाराज, आज सुबह ही मंडी से आया है. दुधी है."

घाटावर हशा उसळला. बाबांनी डोळे उघडले. पण गडी मुरलेला होता. "तो क्या हुआ?" ते कडाडले. "वनस्पति में प्राण नहीं? दिन भर खेत में धूप किसने खाई? इसी ने!"

आणि काय सांगावं, अर्ध्या गर्दीने माना डोलावल्या! एका काकूंनी तर भोपळ्याला नमस्कार केला. मग भय्यासाहेबांनी बोटाला उरलेली शुद्धी घाटाच्या पायरीला फासली, बाबांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि दगडावर दाबलं. दगड लाल झाला.

"और इस पत्थर ने कौन सा परदेस देखा?"

मागून बायकांतून मंगलाताईंचा आवाज आला. "अगंबाई, ही तर हळद! साबण लागल्यासारखी लाल झाली की!" मग मराठी बायकांचा सगळा घोळका खदखदून हसायला लागला. जे रोज मोरीत बघितलं होतं, ते घाटावर बघून आजवर हात जोडले होते, याचंच त्यांना हसू येत होतं.

"लेकिन नक्शा?" बाबा फळीकडे बोट दाखवून ओरडले. "नक्शा तो विज्ञान का है! मास्टरजी, नक्शा झूठ बोलता है?"

"नाही," भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी वर्गातला आवाज लावला, तो घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत जात असे. "नकाशा खोटं बोलत नाही. पण सूचीशिवाय तो बोलतच नाही. माझ्या वर्गात सूची नसली तर काय मिळायचं रे?"

गर्दीत त्यांचे जुने विद्यार्थी जागोजाग पसरलेले होते. रिक्षावाले, दुकानदार, एक शिपाई, आणि कचोरीवाला दिलीप. सगळे सवयीने एकसुरात म्हणाले, "शून्य, सर!"

"दिलीप, माळ उचल."

दिलीपने झेंडूची माळ उचलली. खाली रंगांचे छोटे छोटे चौकोन होते. गडद लाल, लाल, गुलाबी. शेवटचा चौकोन पांढरा होता. भय्यासाहेबांनी चष्मा वर केला आणि त्यापुढचे बारीक इंग्रजी शब्द आधी हिंदीत आणि मग, अक्काकडे बघत, मराठीत वाचले.

"माहिती उपलब्ध नाही."

अक्का उठून पुढे आली. "म्हणजे काय, भय्या?"

"म्हणजे त्यांच्याकडे आपले आकडेच नव्हते. इथे रोग नाही, असं हा नकाशा म्हणत नाही. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणतोय. बाबांनी त्या शब्दांवर फुलं घातली."

अक्काने एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग कमरेला खोचलेली लेपाची डबी काढून चौरंगावर ठेवली. "चल," ती म्हणाली. "बस निघून जाईल."

इंदूरला मधुराने जखम पाहिली आणि हसरा चेहरा तसाच ठेवून तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. कॅन्सरच होता. पण अजून आत शिरलेला नव्हता, अंगात पसरलेला नव्हता. "आत्या, आणखी सहा महिने लेप लावत बसली असतीस तर मला काही करता आलं नसतं," मधुरा म्हणाली. भय्यासाहेब खोलीबाहेर जाऊन रडून आले. अक्काची शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली.

"पण मग बाबाचा लाल ऑस्ट्रेलिया खोटा का?" पडल्या पडल्या अक्काने मधुराला विचारलं. तिला अजून बाबाचा थोडा कळवळा होता.

"ते खरंय, आत्या. गोऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, आणि त्यांनी समुद्रावर आडवं पडून भाजून घ्यायची फॅशन केली. शिवाय ते लोक जास्त वर्षं जगतात आणि तिथे बारीकसा डागही तपासून मोजतात. म्हणून आकडा चढत गेला. आपल्या सावळ्या रंगाचा आपल्याला आधार आहे, आपल्याकडे कमी होतो हेही खरं. पण कमी होणं वेगळं आणि न होणं वेगळं. आणि आपला उन्हातूनच येतो असं नाही. काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात, तिथे पोटाच्या भाजलेल्या जागी होतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं नाडी काचून कमरेवर. जिथे तिथे तो त्या गावाच्या सवयी बघून येतो."

बाबा केव्हाच पसार झाले होते. आता दुसऱ्या कुठल्या गावात ते कॉम्प्युटरच्या किरणांवर लेप देतात म्हणे. तिथल्या नकाशावर कसली माळ आहे, हे तिथल्या लोकांनी बघावं. आपण एवढं करावं, कुणी काही दाखवलं की काय झाकलंय तेही विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत आणि देवही रागावत नाही.

घरी आल्यावर अक्काने परकराला रजा दिली आणि देवास गेटच्या बाजारातून सैल, फुलाफुलांचा गाऊन आणला. सत्तरीत गाऊन, म्हणून गल्लीत चर्चा झाली. अक्का तो घालून मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारी. मग एका दुपारी तिने भय्यासाहेबांचा जुना नकाशासंग्रह काढला आणि लाल पेन्सिल मागितली.

"उज्जैन दाखव."

त्यांनी बोट ठेवलं. अक्काने तिथे एक टिंब काढलं, थोडं गिरवलं. "आता हे पांढरं नको सोडूस. मला मोज."

त्यानंतरच्या सोमवारी मंगलाताई अक्काला गच्चीवर गाठून कानाशी काहीतरी कुजबुजल्या. त्यांच्याही कमरेला काळं पडलं होतं, बऱ्याच दिवसांपासून. अक्काने विचारलं नाही की सांगितलं का नाहीस. तिने गाऊनवर ओढणी घेतली आणि दोघी इंदूरच्या बसने गेल्या. मंगलाताईंचं नुसतंच काचलेलं निघालं, नाडी सैल बांधा म्हणून परत पाठवलं. पण ते नुसतं काचलंय हे या वेळी बघून, तपासून मधुराने सांगितलं. संध्याकाळी बसमधून उतरताना दोघी इतक्या मोठ्याने हसत होत्या की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.