डावा खांदा

हाशमने महागड्या अजवा खजुरांची बशी काउंटरच्या मधोमध आणून ठेवली आणि दत्तारामने पुढे केलेला हात बाजूला सारला.

"मंत्र्यासाठी हायत ते. तू आपला च्या घे."

दत्ताराम शेजारच्या दुकानात एसी दुरुस्त करायचा. तो हसला. आठवडाभर सौदीतल्या अल अझीझिया वस्तीच्या त्या गल्लीत हाशम टेलरने दुसरा विषय निघू दिला नव्हता. पण मंत्री खराच होता. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा हा माणूस कॅप्टन असताना प्रशिक्षणाला सौदीत आला होता आणि वर्दी ढिली होते म्हणून कुणीतरी त्याला हाशमकडे धाडलं होतं. पुढे तो कर्नल झाला, एका बंडात गोळी खाऊन वाचला, जनरल झाला, आणि उमऱ्याच्या यात्रेला आला की हाशमकडून नवी वर्दी शिवून नेत राहिला. गोळीने त्याचा डावा खांदा खाली बसला होता. हाशम तिथे जाड पॅड घाली आणि दोन्ही खांदे असे सारखे करी की परेडमध्ये कुणाला पत्ता लागू नये. भिंतीवर जनरलचा फोटो होता, टोपी आणि पदकांसकट. आता तो सैन्यातून निवृत्त होऊन संरक्षणमंत्री झाला होता, आणि मंत्रिपदाचा पहिला कोट तूच शिव, असा त्याचा फोन आला होता. हाशमने ही बातमी थेट खेडच्या बहिणीपर्यंत पोचवली होती.

दुपारच्या असरच्या नमाजानंतर दारात कुणीतरी उभं राहिलं. साठी उलटलेला, काळा, टकला माणूस. अंगावर यात्रेकरूंच्या इहरामचे दोन पांढरे पंचे, पायांत रबरी चपला, घामाने निथळलेला. असे मागणारे रोजच येत. तो सलाम करून आत पाऊल टाकणार, तोच हाशमने मशीनखालच्या डब्यातले दोन साधे खजूर त्याच्या हातावर ठेवले.

"यल्ला, पुढे जा," तो अरबीत म्हणाला. "मोठे पाहुणे यायचेत."

माणसाने खजुरांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. तो वळला आणि पायरी उतरला.

हाशमची नजर सवयीने त्याच्या पाठीवर गेली. डावा खांदा खाली होता.

शरमेने हाशमचे कान तापले. इतकी वर्षं या माणसाला आपला दोस्त म्हणून मिरवलं आणि त्याचा चेहरा कधी नीट बघितलाच नाही. बघितली ती वर्दी. तो अनवाणीच धावला.

मंत्री गल्लीच्या तोंडाशी गाडीजवळ उभा राहून खजूर खात होता. हाशम माफी मागायला लागला. मंत्र्याने त्याच्या दंडाला धरलं आणि दुकानाकडे वळवलं. आत आल्यावर हाशमने अजवाची बशी पुढे केली. आपले खाऊन झाले, असं मंत्री म्हणाला आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला.

हाशमने टेप त्या खांद्यावर ठेवली.

"या वेळी पॅड घालू नकोस," मंत्री म्हणाला.

"कोट वाकडा दिसेल, साहेब."

"दिसू दे. तुला ओळखायला बरं पडेल."

काउंटरपाशी बसलेल्या दत्तारामला वाटलं, थट्टा चाललीय. तो मोठ्याने हसला. हाशमने मान वर केली नाही. घेतलेलं माप विसरून तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.