पूर्ण किमतीची खुर्ची

लग्न होऊन या घरात येईपर्यंत मला वाटायचं, सेल म्हणजे दुकानदाराने पडून राहिलेला माल स्वस्तात काढणं. सासऱ्यांनी ही समजूत पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केली. त्यांच्या लेखी प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात: सेलमधली, म्हणजे खरी, आणि दुसरी, जी मूर्खांकडून घेतात. मी दुसऱ्या किमतीला आणलेल्या छत्रीकडे ते अजून ढुंकूनही बघत नाहीत. 'सेल लागला' हे ते अशा सुरात सांगतात, की घरात कुणाला नोकरी लागली असं वाटावं.

या धोरणामुळे घरात कशाला तोटा नाही, फक्त सगळं थोडं चुकलेलं आहे. पडदे खिडकीपेक्षा वीतभर आखूड. सोफा इतका बुटका, की त्यावर बसायचं म्हणजे पडायचंच. सासूबाईंचं अडलं होतं ते तिथे. त्यांचे गुडघे गेलेत, बसल्या की उठायला कुणाचा तरी हात लागतो. मी एकदा दुपारी लवकर घरी आले, तर त्या खिडकीचा गज धरून उभ्या-उभ्या पेपर वाचत होत्या.

"आई, बसत का नाही?"

"बसले तर उठवणार कोण? तुम्ही सगळे येईपर्यंत उभीच असते मी." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला सासऱ्यांचा भयंकर राग आला.

खुर्ची मात्र त्यांनीच शोधली, हे कबूल करायला हवं. कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानात होती ती, निळ्या कापडाची, उंच बैठकीची, हात भक्कम लाकडी. मी म्हटलं, उद्याच आणते.

"अगं, वर्षअखेरीला सेल लागेल! थोडा धीर धर."

तोवर दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून हा गृहस्थ रोज संध्याकाळी फिरायला म्हणून दुकानात जायचा आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खुर्ची थोडी मागे सरकवायचा. आधी कपाटांच्या आड, मग तोंड भिंतीकडे, शेवटी तिच्यापुढे गुंडाळलेला गालिचा उभा. घरी येऊन सासरे आम्हाला हळूच सांगायचे, "सुरक्षित आहे."

एकदाचा सेल लागला. आम्ही तिघं गेलो. दुकानभर सेलच्या लाल चिठ्ठ्या. गालिचा बाजूला केला, तर खुर्ची जागच्या जागी, वर धूळ, आणि चिठ्ठीचा पत्ता नाही.

दुकानदार डोकं खाजवायला लागला. "ही इथे होती? आम्हाला वाटलं विकली गेली. सेलच्या मालात धरलेलीच नाही, काका. पूर्ण किंमत पडेल."

सासऱ्यांना हुज्जत घालायची सोय नव्हती. ती इथे कुणी दडवली, हे सांगणार कोण? चेहरा एवढासा झाला. "राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या सेलला बघू."

तोवर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. निघायचं म्हणून सासऱ्यांनी सवयीने हात पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही. दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवले, ओठ मिटले आणि उठल्या. आपल्या आपण. मग परत बसल्या, परत उठल्या.

"अहो, बघितलंत?" त्या म्हणाल्या. "कुणाला हाक मारावी लागली नाही."

सासऱ्यांचा हात अजून तसाच पुढे होता. तो त्यांनी मागे घेतला आणि खिशात घालून पाकीट काढलं. दुकानदाराने स्वतःहून काही कमी करतो म्हटलं, तर त्याच्यावरच खेकसले, "पूर्ण सांगा!" मला त्यांच्याबद्दल तेव्हा माया वाटली. अगदी पहिल्यांदा.

आता दुपारी सासूबाई खिडकीशी त्या खुर्चीत बसून पेपर वाचतात. पाहुणे येतात, खुर्ची निरखतात, आणि या घराची रीत ठाऊक असल्यामुळे विचारतात, "सेलमधली का?"

"मग काय तर!" सासरे घाईघाईने म्हणतात.

"छे हो," सासूबाई म्हणतात, आणि चहा आणायला स्वतःच उठतात. "पूर्ण किमतीची आहे."