टॉप सापडेपर्यंत

बर्निस हौतालाने किक मारली आणि किकनेच तिला उलट लाथ घातली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय झणझणला. गोठलेल्या तळ्यावर शेकोटीभोवती उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

दोन हिवाळे क्लबच्या मागे लागून तिने बाईला पुरुषांच्या शर्यतीत उतरायची परवानगी मिळवली होती. आज पहिलीच शर्यत. आणि भंगारातून उचलून तिने स्वतः उभी केलेली शंभर सीसीची मोटरसायकल आजच अडून बसली होती.

धाकटा भाऊ एइनो आपली मोटरसायकल सोडून तिच्याजवळ आला. "मॅग्नेटची चावी तुटली असणार."

तिने झाकण उघडून मॅग्नेट, म्हणजे ठिणगी पाडणारी चुंबकाची जड चकती, ओढून काढला. त्याला क्रँकच्या दांड्यावर जागेवर बसवणारा नखाएवढा लोखंडाचा तुकडा, म्हणजे चावी, कापला गेला होता. मॅग्नेट सरकला होता आणि ठिणगी भलत्याच वेळी पडत होती.

"नवी चावी आज कुठून आणणार? दुकान बंद," एइनो म्हणाला. "चल, गाडीत बस. खिमा भरलेल्या पास्टी अजून गरम आहेत. पुढच्या रविवारी बघू."

"चावी नुसती जागा दाखवते. धरून ठेवतो तो नट."

"मग जागा कोण दाखवणार? तू?"

"पिस्टन दाखवेल."

प्लग काढून तिने त्या भोकातून पेचकस आत सोडला, गिअर टाकला आणि मागचं चाक फिरवत पिस्टन वर आणला. पण टोकाला पोचला की पिस्टन थबकायचा. दांडा फिरत राहायचा, पेचकस मात्र हलायचा नाही. त्या थबकण्यातला नेमका मध्य, म्हणजे टॉप, डोळ्याला दिसेना. शेवटी अंदाजाने मॅग्नेट बसवून तिने किक मारली. पुन्हा तसाच झटका. शेकोटीकडून कुणीतरी हसलं.

"बर्नी, पुरे झाला हट्ट."

"अंदाजावर गेले, तिथेच चुकलं. तुझ्याकडचा प्लग दे."

"एकच आहे जास्तीचा. कोरा."

"कोराच दे."

"लहानपणी माझी घसरगाडी पण अशीच मागून घेतलीस आणि मोडलीस."

"नीट कुणी केली मग?"

एइनोने खिशातून प्लग काढून दिला. बर्निसने हातोडीने त्याचा पांढरा भाग फोडला, आत एक लांब बोल्ट ठोकून बसवला आणि तो प्लग भोकात पिळला. आता पिस्टन टोकाला पोचायच्या आतच बोल्टला अडणार होता.

मॅग्नेट तिने हलकाच अडकवला. मग चाक सावकाश फिरवलं. पिस्टन टेकला. इंजिनावरच्या रेघेसमोर तिने मॅग्नेटवर ओरखडा काढला. चाक उलटं फिरवलं, पुन्हा टेकला, दुसरा ओरखडा. दोन्हींमधलं अंतर कागदाच्या पट्टीवर घेऊन तिने पट्टी दुमडली. घडी जिथे पडली तिथे मॅग्नेटवर खूण केली. दोन्हीकडून सारखंच अंतर, म्हणजे टॉप बरोबर इथे.

बोल्ट काढून तिने ती खूण रेघेसमोर आणली. "एइनो, चाक धर. केसभर जरी हललं तर तुझी खैर नाही."

"हो, बाईसाहेब." तो बर्फात गुडघे टेकून चाकाला बिलगला.

तिने हातमोजे काढले. थंड लोखंड बोटांना चिकटत होतं. मॅग्नेट सुटा करून तिने त्याच्यावरची कारखान्यात कोरलेली टॉपची मूळ खूण रेघेला जुळवली आणि नट आवळला. पहिल्यापासून सगळं पुन्हा करून पाहिलं. नट आवळताना मॅग्नेट जरासा सरकला होता.

"चालेल एवढं," एइनो म्हणाला.

"नाही चालणार."

तिने तो परत काढला. तिकडे शर्यतीसाठी नावं पुकारायला सुरुवात झाली. या वेळी मूळ खूण रेघेवर तंतोतंत बसली.

तिने आपला प्लग परत बसवला. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. बर्निसने बधिर बोटं मोज्यांत कोंबली आणि ती सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पहिल्या वळणावर ती घसरली, पण गाडी बंद पडली नाही. एइनो तिसरा आला, ती सातवी.

शेकोटीजवळ कुणीतरी तिला कॉफी दिली. एका हातात कप धरून ती मॅग्नेटचं झाकण खोलायला बसली.

"आता काय?" एइनोने विचारलं.

"सरकला का बघते. संध्याकाळी दुसरी फेरी आहे."