लोणंदची पाहुणी

आकाराम हवालदार पलटणीतून पेन्शनीवर कुंडलला आला, तेव्हा चंद्राबाईला वाटलं, आता नवरा गपगुमान घरात बसून जेवेल. पण श्रावणात देवळात एका बुवांचं कीर्तन झालं. दारी आलेला पाहुणा साक्षात देव, असं बुवा म्हणाले, आणि हवालदारानं तो हुकूमच समजला. पाहुणा जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. 'कुणी'मध्ये चंद्राबाईही आली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवातीला देवांचा तोटा नव्हता. टपालवाला आला, खांबावर चढणारा वायरमन आला, बांगड्या भरणारी कासारीण आली. हवालदार चौथी भाकरी ताटात टाकायचा आणि ती संपेपर्यंत पासष्टची लढाई सांगायचा. लढाई लय मोठी होती. पंधरा दिवसांत टपालवाला पत्रं शेजारच्या साळूबाईकडं टाकून परस्पर जायला लागला. कासारणीनं तर गल्लीच सोडली. मग हवालदार एस.टी. स्टँडवर जाऊन उतरणाऱ्यांचे हात धरायला लागला.

एका रविवारी दुपारचे दोन वाजले तरी देव मिळाला नव्हता. भुकेनं चंद्राबाईच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. एवढ्यात हवालदार एका धनगराला घेऊन आला. धुळा त्याचं नाव. मेंढरं जोडीदारावर सोडून तो तंबाखू घ्यायला गावात आला होता. चंद्राबाईनं घाईनं ताट वाढलं. धुळानं ताटाला हात जोडले.

"लय उपकार झालं. पन आज माजा बिरोबाचा उपास हाय. पानी तेवढं द्या."

"दोन घास तरी खावा," हवालदार म्हणाला.

"देव कोपंल."

"आवं, तुमीच देव हाय," हवालदार काकुळतीला आला.

या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं धुळानं चंद्राबाईकडं पाहिलं, पाणी प्याला आणि निघून गेला.

चंद्राबाईनं आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं, पिशवी घेतली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि वळसा घालून पुढच्या दाराशी येऊन कडी वाजवली.

"हवालदारांचं घर ह्येच का?"

"अगं, काय चाललंय तुजं?"

"पावणीला अगं म्हनायची रीत हाय व्हय तुमच्यात? मी लोणंदची. लांबनं आलीया, उपाशी हाय."

लोणंद तिचं माहेर, त्यामुळं खोटं काहीच नव्हतं. हवालदार तिच्याकडं बघतच राहिला. पण भूक त्यालाही लागली होती. त्यानं तिच्या पायावर पाणी घातलं आणि धुळासाठी वाढलेलं ताट तिच्यापुढं सरकवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच चंद्राबाई आधी जेवली, आणि वाढणारा दुसरा होता. तिनं तीन भाकरी खाल्ल्या. हवालदारानं लढाईला सुरुवात केली, तेव्हा म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. ताक आना."

मग तो जेवला आणि सवयीनं म्हणाला, "भांडी उचल."

"पावणी भांडी घासत न्हाई."

"मुक्काम किती दिस?"

"असं इचारत्यात व्हय कुनी?"

मुक्काम चार दिवस पडला. हवालदाराच्या भाकरीला कधी कोपरे फुटायचे, कधी मधेच भोक पडायचं. साळूबाई साखर मागायला म्हणून दिवसातून तीनदा येऊन बघून जायची. तिसऱ्या दिवशी चुलीच्या धुरानं लाल झालेले त्याचे डोळे पाहून चंद्राबाईला दया आली. ती कुशीवर वळली, तशी दया ओसरली.

गुरुवारी सकाळी ती आपणहून चुलीपुढं बसली. हवालदारानं दारातूनच अदबीनं विचारलं, "निगाल्या का पावण्या?"

"गेल्या मगाशीच."

तिनं तव्यावरची पहिली भाकरी मोडली, अर्धी त्याच्या ताटात टाकली, अर्धी स्वतः घेतली. दोघं खायला बसले तेवढ्यात साळूबाई वाटी घेऊन दारात उभी राहिली.

"आमी जेवतोय," हवालदार मान वर न करता म्हणाला, "मागनं या."