भाद्रपदाची कडा

मित्रांनो, मी शके एकोणीसशे सहाचे एक जुने पंचांग आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या माझ्या पाच अंगांचा मला एके काळी मोठा अभिमान होता. परंतु पंचांगाचे आयुष्य एका वर्षाचे. नवा पाडवा आला, की जुन्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही.

तारापूरजवळच्या दांडी गावात, दामू नावाच्या मच्छीमाराच्या घरी मी आले. दामूला अक्षरे येत नव्हती. अंक तेवढे येत. जाळे भरून आले, की त्या तिथीसमोर, माझ्या कोऱ्या कडेवर, तो शिसपेन्सिलीने एक मासा काढी. वर्ष सरले आणि मी पत्र्याच्या पेटीच्या तळाशी गेले, हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. पुढे दामूही वारला. चाळीस वर्षे मला कसरीखेरीज कोणाची सोबत नव्हती. गेल्या वर्षी घराचे छप्पर बदलताना पेटी रिकामी झाली आणि मी बोईसरच्या रद्दीत जाऊन पडले.

तेथून मला समिधाने उचलले. तेथल्याच वसाहतीत राहणारी ही बाई जुने कागद, शिंपले, गंजलेली कुलुपे जुळवून कोलाज करते. आपले एकटेपण संपले, असे मला वाटले. तिने भाद्रपदाची कडा कापली आणि मासे समुद्राला शोभतील म्हणून चित्राच्या तळाशी मैद्याच्या खळीने चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दामूची बायको रखमाबाई मासळी विकायला दाराशी आली. मेजावर मी उघडे पडले होते.

"अगो बाय, ह्ये तं आमचं! मासे माज्या घोवानं काडलेत."

"मावशी, मला वाटलं कुणा पोरानं गिरगटलंय."

"पोर नाय, पोरीचा बाप व्हता तो! भादवा दाव बगू. वद्य आटमीला माजी बायडी झाली. पितरपाकातली पोर म्हनून त्यानं तोंडातून सबूद काडला नाय. चालीस वर्सं मनात सलते. त्या दिवशी त्यानं काय केलं, ते बगू दे."

समिधाचा चेहरा उतरला. भाद्रपद चित्रात होता आणि चित्र उद्या पालघरच्या प्रदर्शनात जायचे होते. मग तिने परातीत पाणी घेतले आणि चित्र त्यात बुडवले. खळ सुटली, शिंपले निखळले, महिनाभराचे रंग विरघळून गेले. शिसपेन्सिलीची रेघ मात्र तशीच राहिली. वद्य अष्टमीसमोर एक मासा होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"म्हणजे त्या दिवशी मासळी मिळाली होती," समिधा म्हणाली.

"आटमीला? खुळी का काय तू!" रखमाबाई हसली. "आटमीला भांग असते. पान्याला वडच नसते, तं जाल्यात काय येल? त्या दिवशी आमच्या होड्या काठावर…"

तिचे हसू अर्ध्यावर राहिले. त्या इवल्या माशावर तिने बोट ठेवले.

"मेल्या," ती हळूच म्हणाली, "तोंडानं सांगायचं व्हतंस!"

कडा वाळेपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहिली. पाटीतली मासळी तशीच होती.

"मावशी, सगळंच पंचांग घेऊन जा," समिधा म्हणाली.

"नको बाय. बाकीचे मासे मीच बाजारात इकलेत. मना ठावं हायत."

कडा तेवढी पदरात बांधून ती गेली.

आता समिधा मला कात्री लावत नाही आणि उघडतही नाही. मित्रांनो, जुन्या कागदावर हात ठेवण्यापूर्वी तो ज्या घरातून आला त्या घरी एकदा विचारून या, एवढेच माझे मागणे आहे. माझ्या कडांवर अजून पुष्कळ मासे आहेत. ते वाचू शकणारी बाई एकच आहे, आणि तिला ते पाठ आहेत.