कम चली हुई

"उपाशीपोटी उड्डाणपुलाचा चढ चढायचा, मग चक्कर येणारच ना," उत्तराचा नवरा जयदीप मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

उत्तरा खरचटलेल्या गुडघ्यावर हळद चेपत होती. "चक्कर नव्हती आली. गिअर सुटला. महिनाभर सांगतेय मी तुम्हाला."

"अच्छा, आणि नेमका सोमवारीच सुटला? वय बघ जरा. उपास तरी सोड, नाहीतर सायकल."

तीस वर्षं ती सोमवार धरत होती, तेही गाजावाजा न करता. दिल्लीत, द्वारकेतल्या घरापासून ऑफिसपर्यंत चार वर्षं सायकलने जात होती. एकदा पडली, तर घरच्यांनी थेट महादेवालाच आरोपी केलं. गेटवरच्या चौकीदारानेही विचारलं होतं, "आज व्रत था, मैडम?" राग आला की तिचा मुळातला हळू आवाज आणखी हळू व्हायचा. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर जयदीपने टाकलेली विक्रीची ओळ तिने वाचली. 'लेडीज सायकल, गिअरवाली, कम चली हुई.' म्हणे फारशी न वापरलेली!

शनिवारी ती सायकल घेऊन सुखबीर मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री लोक बायकांना गुंडाळतात म्हणून जयदीपही बरोबर आला. सुखबीर त्याच्याशीच बोलू लागला.

"साहब, सेटिंग तो मैंने पिछले हफ्ते ही की थी. मैडम गियर झटके से बदलती हैं."

"मैडम यहीं खड़ी हैं, भैया," उत्तरा म्हणाली. "केबल ढीली करो, और पीछे का गियर हाथ से धकेलो."

सुखबीरने जयदीपकडे पाहिलं. जयदीपने मोबाइलकडे. शेवटी सुखबीरने केबल सोडली आणि बोटाने ढकलून पाहिलं. मागचा गिअर अलगद इकडून तिकडे सरकला.

"ये तो बिल्कुल ठीक है."

"हाँ. ऊपर बटन टक् से बजता है, नीचे चेन देर से सरकती है. तो गड़बड़ बीच में है. हैंडल वाला ढक्कन खोलो."

महिनाभर प्रत्येक सिग्नलला थांबून तिने हेच जुळवलं होतं. ढक्कन निघालं. आतली केबल झिजलेल्या केरसुणीसारखी पिंजली होती. चारच तारा धड उरल्या होत्या. बाकीच्या एकेक करून तुटत गेल्या, तशी केबल सैल पडत गेली, आणि चढावर जोर लावला की चेन उडी मारायची.

सुखबीरने नवी केबल घातली, तिच्यावरची नळीही बदलली. दोन चकरा मारून आला. गिअर टकाटक पडत होते. सायकल त्याने जयदीपच्या हातात दिली.

"साहब, मैडम को बोलना, साल में एक बार केबल बदलवा लिया करें."

उत्तराने हॅंडल आपल्याकडे ओढून घेतलं.

घरी आल्यावर तिने जुनी केबल जयदीपच्या चहाशेजारी ठेवली.

"बरं बाई. विकायची नाही म्हणून टाकतो ग्रुपवर."

"टाका. आणि खाली लिहा, चार वर्षं, रोज दहा किलोमीटर."

केबल बाजूला सारताना तिचं टोक त्याच्या अंगठ्यात रुतलं. अंगठा चोखला, आणि दुसऱ्या हाताने सावकाश टाइप करू लागला.