बटाट्यावर कोणाचा कोप?

बायको दवाखान्यातच वारली हे वसतिगृहाच्या आचाऱ्याला कळलं, त्याच दिवशी त्याच्या लेकीच्या गालावर पहिली पुटकुळी आली होती. पुढे मुरुमांनी गाल भरले. अशाच योगायोगांवर मुरुम घालवणाऱ्या फेसमातेचं दुकान चालायचं.

तिच्या बैठकीच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसायची. माता आधी पोरींचे गाल खरखरीत फडक्याने घासून 'जागे' करायची, मग त्यावर 'सत्त्वजल' लावायची. मुरुमांवर पांढरा फेस फसफसून यायचा.

"बघा, आतला कोप उकळतोय!"

मग तेच पाणी ती स्वतःच्या गुळगुळीत गालाला लावायची. तिथे काहीच नाही. माता निष्पाप! लोक माना डोलवायचे.

आचाऱ्याच्या लेकीला फेस जरा जास्तच आला.

"घरात कोण गेलं?" मातेने विचारलं.

"आई."

"शेवटी जवळ नव्हतीस ना? रागावलीय तुझ्यावर."

आई गेली तेव्हा पोरगी परीक्षेला बसली होती. तिने खाणंपिणं टाकलं. बाप बाटलीभर सत्त्वजल घेऊन आला. रोज घासायचं, रोज लावायचं. गाल भाजल्यासारखे लाल झाले.

एकदा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बाप बटाटे सोलत होता. शेजारी बसून पाणी लावताना पोरीच्या हातातली बाटली पातेल्यात कलंडली. सोललेले बटाटे फसफसले.

"बाबा, यांच्यावर कोण रागावलंय?"

"त्यांचीही आई गेली असेल गं," भांडी घासणारी मावशी म्हणाली.

बापाला आधी बटाटे वाया गेल्याचा राग आला, मग अक्कल आली. त्याने लेकीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हे जखम धुवायचं औषध," बटाट्यांचा किस्सा ऐकून त्या म्हणाल्या. "रक्तात, सोललेल्या कातडीत आणि कच्च्या बटाट्यातही एक द्रव्य असतं. त्याने यातला प्राणवायू सुटतो, तोच फेस. धड कातडीवर काही होत नाही. म्हणून तर बाई आधी घासते."

"मग मुरुम कशाने?" बापाने विचारलं.

"वयाने. तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात. साध्या सौम्य साबणाने दोनदा तोंड धुवायचं. घासायचं नाही, फोडायचं नाही. मी देते ते मलम पातळ लावायचं आणि दोन-तीन महिने धीर धरायचा."

"आणि आईचा राग?" पोरीने हळूच विचारलं.

"रागाने छिद्रं बुजत नाहीत, बाळा."

पुढच्या बैठकीला आचारी अर्धा कापलेला बटाटा घेऊन उभा राहिला. "माते, याचाही कोप काढा." पाणी पडलं, फेस आला, हॉल खदखदून हसला.

"बटाटा मातीतला, म्हणून अपवित्र!" माता गरजली.

अर्ध्या हॉलला ते पटलंसुद्धा.

तर बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो भाजीवर करून बघा. जो बटाट्यावरही होतो, त्यात ना देव असतो ना मेलेल्या आईचा शाप.

पोरीचे गाल निवळू लागलेत, जेवतेही आता. 'आई रागावली नव्हती' एवढं मात्र ती अजून म्हणत नाही. ते बाकी आहे.